डागाच्या औषधाचा कागद

मी एक कागद बोलतोय. नुसता कागद म्हटलं तर तुम्ही मला बाजूला साराल, म्हणून नीट ओळख करून देतो. एखादं घातक रसायन कारखान्यात, गाळ्यात, दुकानात आलं की त्याच्यासोबत मीही यावं असा नियम आहे. ते रसायन काय आहे, कसं चावतं, अंगावर उडालं तर काय करायचं, ते हाताळताना काय घालायचं, हे सगळं माझ्यात छापलेलं असतं. आठ पानं, सोळा विभाग आणि कोपऱ्यात एक स्टेपलरची पिन. साहेब लोक मला सेफ्टी डेटा शीट म्हणतात. आमच्या लाँड्रीत एवढं मोठं नाव घ्यायला कुणाला सवड नव्हती. तिथे मी डागाच्या औषधाचा कागद.

माझा जन्म कुणाच्या काळजीपोटी झाला असं सांगायला आवडलं असतं, पण खोटं कशाला बोलू? जुहूच्या एका हॉटेलचा माणूस लाँड्री तपासायला येणार होता. तो आल्या आल्या माझ्याबद्दल विचारतो, हे ब्रिजेटच्या कानावर आलं. ब्रिजेट म्हणजे आमची सुपरवायझर, आंबोलीच्या गावठाणातली ईस्ट इंडियन ख्रिस्ती बाई. आवाज असा की वाफेच्या यंत्रालाही ऐकू जावा. तिने औषधवाल्या कंपनीला फोन लावला, चार शिव्या घातल्या, आणि थोड्याच वेळात मी ऑफिसच्या प्रिंटरमधून गरमागरम बाहेर पडलो. प्रिंटर काळापांढरा. माझ्या धोक्याच्या चौकटी खऱ्या तर लालभडक, त्या करड्या झाल्या. म्हणजे पाळण्यातच माझा अर्धा आवाज बसला.

ब्रिजेटने मला पारदर्शक फोल्डरमध्ये घातलं आणि डाग काढायच्या टेबलाजवळच्या खिळ्याला सुतळीने लटकवलं. तपासणीचा माणूस आला, त्याने लांबूनच मला पाहिलं, मान हलवली आणि चहा पिऊन गेला. उघडून बघितलं असतं तर गोष्ट वेगळी. पण दुरून डोंगर साजरे.

त्या भिंतीवर खिळा एकच. त्यामुळे जानेवारी लागताच पतपेढीचं गणपतीचं कॅलेंडर माझ्यावर येऊन बसलं. गणपतीबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्याच्या पाठीमागे राहून मी कुणाला काय सांगणार? वर्षातून एकदा, खंडेनवमीला, माझी आठवण व्हायची. त्या दिवशी धुलाईची यंत्रं पुसून त्यांना झेंडूचे हार घालायचे, तेव्हा कुणीतरी कॅलेंडर उचलून मलाही हळदकुंकू लावायचं. एका वर्षी तर ऐन कवटीच्या चित्रावर कुंकवाचं बोट टेकवलं. ते बोट प्रेमा नावाच्या बाईचं होतं.

प्रेमाबद्दल सांगायलाच हवं, कारण ही हकीकत माझी कमी आणि तिची जास्त आहे.

प्रेमा मूळची कुडाळच्या बाजूची. सासरा गिरणीत होता, नवरा बाळा गिरण्या बंद पडल्यावर वॉचमनकी करत होता. ती मात्र अंधेरी पूर्वेच्या या गाळ्यात आली ती इथेच मुरली. हॉटेलांच्या चादरी, नॅपकिन, लग्नाच्या हॉलचे टेबलक्लॉथ असा ढीग रोज यायचा आणि त्यातले डाग काढायचं काम प्रेमाचं. हळद, लिपस्टिक, रेड वाईन, मेंदी. कुठला डाग कशाने जातो हे ती वासावरून सांगायची. सगळ्यात चिवट डाग गंजाचा. लोखंडी ट्रॉलीत ओली चादर राहिली की तांबडा ओरखडा उठतो आणि साबणाला दाद देत नाही. त्याच्यासाठी होतं ते औषध. दिसायला अगदी पाण्यासारखं. मोठ्या कॅनमधून छोट्या बाटलीत काढायचं, टोपणाला भोक, दोन थेंब टाकले की गंज बघता बघता गायब. झकास काम!

आता त्याचा स्वभाव मला विचारा. हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड नावाचा हा प्राणी फार गोडबोल्या. दुसरी अ‍ॅसिडं कातडीला लागताच चटका देतात, माणूस ओरडतो, हात नळाखाली धरतो. हे थोडं पातळ केलेलं असलं की मुळीच ओरडू देत नाही. गुपचूप कातडीतून आत उतरतं, आणि चटका लागतो तो काही तासांनी, तेव्हा ते हाडापर्यंत पोचलेलं असतं. हाडातलं कॅल्शियम त्याला लागतं. हे सगळं माझ्यात छापलेलं आहे. पण इंग्रजीत. प्रेमाचं शिक्षण चौथी आणि तेही मराठी शाळेत. मी तिच्यापुढे म्हणजे बहिऱ्यापुढे भजन.

तरी प्रेमाला कधी इजा झाली नाही, आणि त्याचं कारण हातमोजे. कोपरापर्यंत येणारे जाड काळे हातमोजे हॉटेलच्या माणसाने घ्यायला लावले होते. तिला ते आवडायचे नाहीत, घाम यायचा, पण ती घालायची. "म्हशीच्या पायासारखे दिसतत," म्हणायची आणि घालायची. चाळीत नळावर ज्या बायका दिसतात तशीच ही एक, कटकट करून करून शेवटी नियम पाळणारी.

मग तिचे डोळे अधू झाले. मोतीबिंदू पिकत होता. फिकट डाग तिला दिसेनात. डाग राहिलेली चादर हॉटेलातून परत आली की ब्रिजेट सगळ्यांसमोर तोंड सोडायची. प्रेमा घाबरली. काम गेलं तर घरी बसून काय करणार! नेमकं त्याच हिवाळ्यात तिच्या मुलाचं, निलेशचं, लग्न झालं होतं. सून मुलुंडची, अक्षता नावाची, पदवीधर, हसतमुख, नोकरी शोधत होती. प्रेमाने ब्रिजेटला गाठलं.

"ब्रिजेट, माझी सून घेऊन येतंय. डोळे तिचे, अक्कल माझी. बघ चलता काय."

"दोघी मिळून कामाचा एकच हात होणार म्हणजे," ब्रिजेट म्हणाली. "चालेल. आण तिला. पण सासूगिरी घरी ठेवून यायची, काय?"

अक्षता आली. मी कॅलेंडरच्या खालून, जेवढा कोपरा उघडा होता तेवढ्यातून तिला पाहिलं. हात मनगटापासून कोपराच्या निम्म्या वाटेपर्यंत हिरव्या काचेच्या बांगड्यांनी भरलेले. टेबलावर हात टेकला की किणकिण. धुलाई यंत्रांच्या घरघरीत तो आवाज बरा वाटायचा, हे कबूल करतो.

पहिल्याच दिवशी ब्रिजेटने काळे हातमोजे तिच्यापुढे टाकले. अक्षताने हात घालून बघितला. मोजा बांगड्यांपाशी अडला. तिने जोर लावला, एक बांगडी कटकन वाजली आणि प्रेमा पुढे धावली.

"थांब थांब! फुटात गो!" लगेच जीभ चावून तिने स्वतःच्या थोबाडीत मारल्यासारखं केलं. बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं, वाढवली म्हणायचं. "राहूंदेत ते मोजे."

"अगं, मग बांगड्या काढ ना दिवसभरापुरत्या," ब्रिजेट म्हणाली. "संध्याकाळी घाल परत. त्यात काय?"

"आमच्यात नवे नवरेचो चुडो देवीची ओटी भरल्याशिवाय काढनत नाय. मे महिन्यात गावाक जातलंव, सातेरीची ओटी भरतलंव, मगे काय ता. तवसर एक काकण हलवूचा नाय."

"अगो, पण हे औषध..."

"मी वीस वर्सां वापरतंय. माका शिकव नको."

ब्रिजेटने तोंड उघडलं आणि मिटलं. एरवी ती कुणाचं ऐकून घेणारी नव्हे. पण हा पडला दुसऱ्याच्या देवाधर्माचा मामला. हिच्या गळ्यातल्या क्रूसाबद्दल प्रेमा कधी ब्र काढत नाही, मग आपण हिच्या चुड्यात कशाला पडा? असा तिचा विचार असणार. तोंडावर दोघी कितीही भांडल्या तरी एकमेकींच्या देवाला हात लावायचा नाही, असा इकडच्या बायकांचा न बोललेला करार असतो. चांगलाच करार आहे तो. त्या दिवशी मात्र त्याने घात केला.

दुसऱ्या दिवशी प्रेमाने घरून भांडी घासायचे गुलाबी हातमोजे आणले. पातळ, मनगटाशी संपणारे. बांगड्यांच्या खालपर्यंतच येणारे. प्रेमाला वाटलं, देवीचंही राहिलं आणि सुपरवायझरचंही. खरं सांगायचं तर तिने ते फार मायेने आणले होते.

माझ्या आठव्या विभागात लिहिलंय की हातमोजा लांब हवा आणि जाड हवा. कशासाठी ते मला तिथे भिंतीवर दिसत होतं. डाग गेला की नाही हे बघायला चादर दोन्ही हातांनी वर उजेडाकडे धरावी लागते. हात वर गेला की ओलं कापड ठिबकतं, ते पाणी बोटांवरून मनगटावर, बांगड्यांमध्ये उतरतं. हात खाली आला की तेच पाणी परत फिरून मोज्यात शिरतं, तळव्यात, बोटांच्या टोकाला. दिवसभर वर, खाली, वर, खाली. आणि गोडबोल्या औषधाने तिला एकदाही चटका दिला नाही. काही दिवस औषध कमी लागलं, डाग कमी होते, म्हणून निभावलं. पण लग्नसराईत गंजाचे डाग पडलेल्या टेबलक्लॉथचा ढीग आला आणि त्या दिवशी घडा भरला.

त्या दिवशी अक्षताने सकाळपासून मान वर केली नव्हती. जेवणाच्या सुट्टीनंतर ती बोटं चोळायला लागली.

"काय झाला?" प्रेमाने विचारलं.

"काही नाही आई, मुंग्या आल्यात."

थोड्या वेळाने मुंग्यांचा ठणका झाला. तिने मोजा काढला. हात ओलसर, बोटांची टोकं किंचित पांढुरकी. फोड नाही, लाली नाही, काही नाही. प्रेमाने हात डोळ्याजवळ नेऊन उलटसुलट करून पाहिला.

"पयल्या पयल्यान असाच होता. सवय नाय तुका." तिने डब्यासोबत आणलेलं खोबरेल बोटांना चोळलं.

तेलाने काय होणार? रोग म्हशीला आणि औषध पखालीला. अक्षताने आणखी दोन चादरी केल्या आणि तिसरी हातातून सुटली. ती टेबलाला कपाळ टेकून रडायला लागली. मोठ्याने नाही, दात आवळून. बाकीच्या बायका गोळा झाल्या. प्रेमा गोरीमोरी झाली. चारचौघींत सून रडते म्हणजे सासूचीच शोभा.

"रडतंस कित्याक? वर काय एक दिसणा नाय. नाटका करू नको, लोका बघतत."

हे वाक्य प्रेमाने नंतर स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल देव जाणे. मी मात्र त्या क्षणी कॅलेंडरच्या मागे होतो आणि माझ्या चौथ्या विभागात स्पष्ट अक्षरांत लिहिलेलं होतं: कातडीवर काही दिसत नसलं तरी वेदना खरी समजा.

गलका ऐकून ब्रिजेट आली. तिने अक्षताचा चेहरा पाहिला. मग टेबलावरची बाटली पाहिली, गुलाबी मोजे पाहिले. ती एकदम गप्प झाली. ब्रिजेट गप्प झाली की लाँड्रीत सगळ्यांना कळतं, काहीतरी वाट लागली.

ती भिंतीकडे आली. गणपती उचलून बाजूला ठेवला, आधी कपाळाला हात लावून, आणि माझी सुतळी हिसडली. फोल्डरमधून मला काढताना तिची नखं माझ्या पहिल्या पानात रुतली. प्रिंटरमधून निघाल्यापासून पहिल्यांदा मला कुणीतरी वाचत होतं.

"काय लिहिलंय? सांग गो!" प्रेमा म्हणाली.

ब्रिजेट भरभर वाचत होती, ओठ हलत होते. "लगेच वाहत्या पाण्याखाली धरायचं. मोजे, कपडे, दागिने सगळं काढायचं. जो मदत करेल त्याने आधी स्वतः मोजे घालायचे. कॅल्शियमचं जेल चोळायचं." तिने मान वर केली. "जेल! हॉटेलवाल्याने सांगितलं म्हणून मी मागवलं होतं. मेडिकलवाला नाही म्हणाला, मग मीही विसरले. माय गॉड."

"दागिने म्हंजे?"

"दागिने म्हणजे दागिने, प्रेमा. बांगड्या. खाली अडकलंय ते औषध, जात राहणार आतमध्ये. काढायलाच पाहिजेत, आत्ताच्या आत्ता."

प्रेमा नळापाशी उभी होती. अक्षताचा हात तिने धरला होता आणि सोडला होता. मी ब्रिजेटच्या मुठीत चुरगळलेला, मला सगळं दिसत होतं. प्रेमाच्या तोंडावर दोन भीती एकाच वेळी आल्या. एक, सुनेचा हात. दुसरी, मुलाचं आयुष्य. तिच्या लेखी त्या बांगड्या म्हणजे निलेशच्या जिवाची राखण होती, तुम्ही काहीही म्हणा. आणि तिथे कुणी पुरुष नाही, भटजी नाही, देवाला कौल लावणारा गावचा घाडी नाही, ज्याला विचारावं.

"आई, दुखतंय हो," अक्षता म्हणाली. "हाडात काहीतरी शिरतंय."

प्रेमाने डोळे मिटले. तिथेच, साबणाच्या फेसात उभी राहून, तिने गाऱ्हाणं घातलं, पण गाऱ्हाण्याला जो ठसका लागतो तो नव्हता, पुटपुटल्यासारखं: "आई सातेरी, चेडवाचो चुडो मी माझ्या हातान वाढयतंय. ही काय मागूक येवक नाय, माझो हट्ट होतो. काय रागवाचा आसात तर माझ्यार रागव. हिचो हात सांभाळ."

गाऱ्हाण्याला बाकीच्यांनी होय म्हाराजा म्हणायचं असतं, ते कुणी म्हटलं नाही. ब्रिजेट म्हणाली, "आमेन."

मग ब्रिजेटने ते काळे लांब मोजे प्रेमाच्या हातात चढवले. वाहत्या पाण्याखाली साबण लावून बांगड्या एकेक करून सरकू लागल्या. मनगट सुजलेलं, शेवटच्या काही निघेनात. प्रेमाने हॉटेलचा पांढरा नॅपकिन त्यांच्यावर गुंडाळला आणि मुठीने दाबलं. काचेचा आवाज अगदी बारीक आला. दुसरा हात, पुन्हा तसंच. मनगटाला ओरखडा पडला तेवढाच. सगळ्या बायका खाली बघत होत्या.

रिक्षात मी अक्षताच्या मांडीवर होतो. ब्रिजेटने मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं होतं, कारण माझ्या चौथ्या विभागाच्या शेवटच्या ओळीत म्हटलंय की मला डॉक्टरपर्यंत न्या. अक्षताचा हात ओल्या टॉवेलात, प्रेमा शेजारी, आणि ब्रिजेट ड्रायव्हरच्या बाजूला अर्धी बाहेर लटकून पुढच्या गाड्यांना शिव्या घालत. साकीनाक्याच्या त्या गर्दीत तिचा आवाज कामाला आला.

सरकारी रुग्णालयातल्या अपघात विभागात एक तरुण डॉक्टर होती, गंधाली नाव. तिने हात बघितला. भाजल्याचं मलम मागवलं, वेदनेचं इंजेक्शन सांगितलं. तिचं चुकलं असं म्हणणार नाही. वर दिसतच नव्हतं काही. पण ब्रिजेटने मला तिच्या नाकासमोर धरलं. "डॉक्टर, प्लीज, हा कागद आधी."

काही लोक अशा वेळी चिडतात. ही चिडली नाही. पहिल्या पानावरचं नाव वाचलं आणि खुर्चीतून उठलीच. "हे कुणी आणलं? बरं केलंत. मलम नको, सिस्टर. कॅल्शियम ग्लुकोनेट आणा. आणि ईसीजी लावा, हृदयावरही येतं हे." मग तिने वरच्या डॉक्टरांना फोन केला, माझी चौथ्या विभागाची ओळ जशीच्या तशी वाचून दाखवली. मला जरा बरं वाटलं, नाकारत नाही.

तयार जेल तिथेही नव्हतं. गंधालीने इंजेक्शनचं औषध जेलीत कालवलं, दोन रबरी मोजे त्याने भरले आणि अक्षताचे दोन्ही हात त्यात घातले. बोटांच्या टोकांना सुया टोचाव्या लागल्या. तो प्रकार मी सांगणार नाही. "दुखणं कमी झालं की मला सांगायचं," गंधाली अक्षताला म्हणाली. "तुमचं दुखणं थांबणं हेच आमचं मोजमाप. जोर करून सहन करू नका, आणि खोटं सांगू नका."

निलेश कांदिवलीहून धावत आला. कुरिअरची बॅग अजून पाठीवर. बायकोला बघितलं, मोज्यांच्या वर तिची मोकळी मनगटं बघितली आणि त्याचं तोंड उतरलं.

"आई, हिच्या बांगड्या कुठायत?"

"माझ्याच हातान वाढयलंय," प्रेमा म्हणाली.

"आणि ते छोटे मोजे? तेही तूच दिलेस ना?"

"होय."

तो बॅग उतरवून अक्षताच्या उशाशी जाऊन बसला. आईला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं प्रेमाच्या चेहऱ्यावरून वाटलं. ती बाकावर बसून राहिली. मधेच ब्रिजेटने तिला चहा आणून दिला. "मीही गप्प बसले ना त्या दिवशी," ब्रिजेट म्हणाली. "तू एकटी नाहीस."

"तू माझ्या देवाक मान दिलंस," प्रेमा म्हणाली. "मी औषधाक नाय दिलंय."

संध्याकाळ उतरायच्या सुमारास अक्षता म्हणाली, "आता ठणकत नाही." गंधालीने दोनदा विचारून खात्री केली. हात वाचले. हृदयाचा आलेख ठीक होता. उजव्या करंगळीचं टोक मात्र काळं पडलं होतं. गंधाली म्हणाली, ते काय होतं ते काही आठवड्यांनी कळेल.

मी परत लाँड्रीत गेलोच नाही. अक्षताच्या केस पेपरला मला टाचून टाकलं आणि आता मी रुग्णालयाच्या फाइलीत राहतो. माझ्या कडेला गंधालीच्या वाकड्या अक्षरात नोंदी आहेत. लाँड्रीचं जे कळतं ते अक्षताच्या हाताच्या तपासणीला ब्रिजेट सोबत येते तेव्हा. तिथे माझी नवी प्रत लागली, रंगीत, स्वतंत्र खिळ्यावर. जेल आलं. चहाच्या वेळी ब्रिजेट एकेक विभाग मराठीत करून सांगते, आणि प्रेमा मध्ये मध्ये टोकते. गंजाचं ते औषध बदलून सौम्य औषध आणायचं लाँड्रीच्या शेठने कबूल केलंय. बघू या. शेठ कबूल बरंच काही करतात.

मे महिन्यात ती माणसं गावाला जाऊन आली. ओटी भरली का, देवी रागावली का, हे कुणी माझ्यासमोर बोललं नाही. अक्षताच्या हातात मोजक्या काचेच्या बांगड्या होत्या आणि कामाला जाताना ती त्या काढून ठेवते, एवढं मला दिसलं.

गेल्या आठवड्यात शेवटची तपासणी झाली. गंधालीने टाचणीने अक्षताची बोटं एकेक करून टोचून पाहिली, माझ्या वरच्या पानावर लिहिलं आणि दुसरा रुग्ण बघायला गेली. फाइल उघडीच टेबलावर होती. करंगळी बरी दिसत होती, नवी कातडी, गुलाबीसर. नखही आलं होतं, थोडं वाकडं. डोळ्यांचं ऑपरेशन होऊन नवा चष्मा लावलेल्या प्रेमाने ती करंगळी हातात घेतली. टोकाला अंगठ्याने हळूच दाबलं.

"कळता गो?"

अक्षताने सासूच्या तोंडाकडे पाहिलं.

"कळतं ना, आई."

"नीट कळता?"

"अगदी नीट. दाबा ना, दुखतंय सुद्धा."

प्रेमाचा चेहरा उजळला. किती महिन्यांनी, मी मोजले नाहीत. तिने ती करंगळी आपल्या कपाळाला लावली. मग पिशवी उचलली, ब्रिजेटला म्हणाली, "चल गो, रिक्षा बघूया," आणि तिघी गेल्या.

माझ्या वरच्या पानावर गंधालीने लिहिलंय: उजवी करंगळी, टोकाला संवेदना नाही. कायम.

मी ते वाचून दाखवू शकलो नाही, आणि पहिल्यांदाच मला त्याचं वाईट वाटलं नाही. तर मंडळी, निरोप घेतो. तुमच्या कामाच्या जागी माझा कुणी भाऊबंद असेल. त्याला आज वाचा, हसतखेळत, चहा पिता पिता, कुणाचं काहीही दुखत नसताना. म्हणजे तुमच्या घरच्या पोरीला असं खोटं बोलावं लागणार नाही.